हॉट स्टोव्ह, शेकोटी आणि ‘विकत घेतलेला’ खेळाडू

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते आणि त्यांचे मराठी मित्र न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे कट्टर चाहते. मोसम संपला की फेब्रुवारीत सराव शिबिरं उघडेपर्यंत त्यांचे वाद चालतात: कुणाला घेतलं, कुणाला उगाच जाऊ दिलं, यंदा काही आशा आहे का. अमेरिकेत या हिवाळी काथ्याकुटाला ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. त्यांच्यातले एक गृहस्थ त्याला ‘तापती चूल’ म्हणतात आणि बाकीचे हसतात. तर मराठीत काय म्हणावं, आणि जाता जाता ‘ऑफसीझन’ला काय म्हणावं, असा प्रश्न.

वरवरचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. गावातलं किराण्याचं दुकान, मधोमध बिडाची पोटफुगी शेगडी, बाहेर बर्फ, भोवती बेसबॉलच्या गप्पा छाटणारे रिकामटेकडे. ‘लीग’ ही थट्टा आहे, कारण तिथे एकही सामना होत नाही. डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलात हिवाळ्यात खरोखरच्या स्पर्धा होतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

पण आधी पत्रातल्याच एका गोष्टीचा समाचार घेतो. ‘मेट्सनी सोतोला विकत घेतलं’, ‘अलोन्सोला ओरिओल्सनी लिलावात उचललं’ अशी वाक्यं जागोजागी पेरलेली आहेत (सोतो, अलोन्सो हे बेसबॉलपटू, ओरिओल्स हा बाल्टिमोरचा संघ). हे सध्या सगळीकडे ऐकू येतं. इथल्या वर्तमानपत्रांतही, तिथल्या मराठी घरांतही. आयपीएलने आपल्या जिभेला लावलेली ही खोड आहे. आयपीएलमध्ये लिलाव होतो, हे खरंच. 2024 च्या नोव्हेंबरात ऋषभ पंतवर लखनऊने 27 कोटी रुपये लावले, हातोडा पडला आणि पंत लखनऊचा झाला. दुसऱ्या कुणाकडे जायचं होतं का, हे त्याला विचारायची पद्धत तिथे नाही. बेसबॉलमधला मुक्त खेळाडू याच्या नेमका उलटा. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली आणि करार संपला की तो मोकळा. हुआन सोतो 2024 च्या हिवाळ्यात अनेक क्लबांचे प्रस्ताव ऐकून, जिथे तो खेळत होता त्या न्यू यॉर्कच्याच यँकीजनाही नाही म्हणून, मेट्सकडे गेला: 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलर. यात विकणारा कोण? कुणीच नाही. मग ‘विकत घेतलं’ कसं?

मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. गड्याची उचल कितीही मोठी असली तरी ‘गडी विकत घेतला’ असं कुणी म्हणत नाही, ‘गडी ठेवला’ म्हणतात. भाषेला हा फरक पिढ्यान् पिढ्या कळतो आहे. ‘करारबद्ध केलं’ म्हणा, नुसतं ‘घेतलं’ म्हणा, सोतोच्या बाजूने बोलायचं तर ‘सोतो मेट्सकडे गेला’ म्हणा. ‘विकत’ काढा.

आणि हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. या शब्दावर एक माणूस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1969 च्या ऑक्टोबरात सेंट लुईस कार्डिनल्सनी आपला मध्यक्षेत्राचा खेळाडू कर्ट फ्लड फिलाडेल्फियाला देऊन टाकला. त्या काळी करारात ‘राखीव कलम’ असायचं, म्हणजे करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. फ्लड जायला तयार नव्हता. त्याने लीगचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा: माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता मी आहे, असं मला वाटत नाही. खरेदी, विक्री, मालमत्ता हे सगळं त्या पत्रातलंच आहे. 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 मतांनी खटला हरला, त्याची कारकीर्दही बुडाली. पण पुढे 1975 च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला, आणि राखीव कलमाचा कणा मोडला. आज तुम्ही शेगडीभोवती जे वाद घालता ते त्या निकालामुळे. त्याआधी ‘हा कुठे जाईल?’ हा प्रश्न खेळाडूला विचारण्यातच अर्थ नव्हता.

‘विकला’ हा शब्द जिथे शोभतो तिथे जरूर वापरा. बेब रूथला बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी 1919 च्या डिसेंबरअखेर यँकीजना 1 लाख डॉलरला विकला. तो सरळ विकलाच. लिलावही एका जागी शोभतो. जपानी गोलंदाज दाइसुके मात्सुझाका 2006 मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याच्याशी नुसतं बोलायच्या हक्कासाठी क्लबांनी बंद पाकिटात बोली लावली होती. रेड सॉक्सची बोली 5.11 कोटी डॉलरची निघाली, आणि ते पैसे मिळाले त्याच्या जपानी क्लबला. हा झाला लिलाव. तोही हक्काचा, माणसाचा नाही.

‘ट्रेड’साठी तर आपल्याकडे तयार शब्द पडून आहे आणि लोक ‘खेळाडूंची देवाणघेवाण’ असलं सरकारी परिपत्रकातलं काहीतरी लिहितात. 2025 च्या नोव्हेंबरात मेट्सनी ब्रँडन निमोला टेक्सासला पाठवलं आणि तिकडून मार्कस सेमियनला आणलं. एक घरातून गेला, एक घरात आला. साटंलोटं! तुमची मुलगी आम्हांला, आमची तुम्हांला. आज या शब्दाला संगनमताचा वास लागलाय, हे खरं. पण बेसबॉलच्या सौद्यांना तो वास मुळीच विशोभित नाही.

आता स्टोव्ह. खरं म्हणजे मला यावरच लिहायचं होतं.

मराठी माणसाच्या कानाला ‘स्टोव्ह’ म्हटलं की रॉकेलचा पितळी स्टोव्ह आठवतो. पंप मारायचा, बर्नरमध्ये कचरा अडकला की पिन मारायची, भरभर आवाज, आणि ‘वाऱ्यावर ठेवू नकोस’ अशी आतून हाक. त्याच्याभोवती कुणी गप्पा मारत बसत नसे. गप्पा ऐकूच यायच्या नाहीत. म्हणून ‘तापती चूल’ ऐकून तुमचे मित्र हसतात. चूक चुलीची नाही. आपल्या डोक्यातला स्टोव्हच निराळा आहे.

आणि गंमत अशी की इंग्रजीतला ‘स्टोव्ह’ मुळात शेगडी नव्हताच. तो होता खोली. जुन्या इंग्रजीत ‘स्तोफा’ म्हणजे वाफेने तापवलेली न्हाणी. जर्मनमध्ये ‘श्टूबे’ म्हणजे आजही घरातली बसायची खोली, डॅनिशमध्ये ‘स्टूअ’ म्हणजे दिवाणखाना, रशियनमधली ‘इझ्बा’ म्हणजे अख्खं लाकडी घर, हंगेरियनमधला ‘सोबा’ म्हणजे खोली. आणि तुर्कस्तानात जाऊन ‘सोबा’ म्हणा, तुमच्यापुढे शेगडी येईल! युरोपभर हा शब्द खोली आणि शेगडी यांच्यात झोके घेत फिरला आहे. इतका, की तत्त्वज्ञ देकार्त 1619 च्या थंडीत दिवसभर एकटा चिंतन करत बसला होता त्या जागेला त्याने वापरलेला फ्रेंच शब्दही शेगडी आणि शेगडीची खोली असा दुहेरी होता, आणि त्यामुळे हा थोर माणूस शेगडीत शिरून बसला होता असं वाचून इंग्रज विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या चक्रावले.

म्हणजे ‘हॉट स्टोव्ह’भोवती जमणं हे मुळात तापल्या खोलीत जमणं आहे. ज्या वस्तूभोवती माणसं बसली ती नंतरची, माणसं बसली ती जागा आधीची.

आपल्याकडे प्रवास बरोबर उलटा झाला. ‘चूल’ निघाली विस्तवापासून आणि पोचली घरापर्यंत. भाऊ वेगळे झाले की वेगळी चूल मांडतात. अख्ख्या घरादाराला जेवायला बोलवायचं तर चूलबंद आमंत्रण जातं. दोन घरांचं पटेनासं झालं की त्यांच्यात विस्तव जात नाही. (मेट्स आणि यँकीज, क्वीन्स आणि ब्राँक्स: हा वाक्प्रचार त्यांच्यासाठीच घडवला असावा.) तिकडे घराची शेगडी झाली, इकडे चुलीचं घर झालं. ‘तापती चूल’ म्हणणाऱ्या गृहस्थांना हे सांगा, त्यांना बरं वाटेल.

आणखी मागे गेलात तर मजा वाढते. इटालियन ‘स्तूफा’, फ्रेंच ‘एत्यूव्ह’, स्पॅनिश ‘एस्तूफा’ हे सगळे बोलीलॅटिनमधल्या ‘वाफ देणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाकडे नेतात, आणि त्या क्रियापदाच्या पोटात बसलाय ग्रीक ‘तूफोस’, म्हणजे धूर, वाफ, डोक्यावर आलेली गुंगी. हाच ‘तूफोस’ टायफस आणि टायफॉइडमध्ये आहे. आणि हा ‘तूफोस’ आपल्या ‘धूम’चा नातलग आहे, असं माझं ठाम मत आहे. लॅटिन ‘फूमुस’ आणि संस्कृत ‘धूम’ सख्खे भाऊ आहेत, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. मग ‘तूफोस’ला त्याच घरात चुलतभावाची जागा द्यायला हरकत काय? काही कोशकार देतात, काही हात आखडता घेतात. हात आखडणाऱ्यांना आवाजांच्या नियमांचा फार पुळका आहे. पण धुराचा अर्थ, ‘ध’च्या जागी ग्रीकमध्ये येऊ शकणारा ‘त’ आणि मधला ‘ऊ’ इतकं जुळत असताना ‘उगम अज्ञात’ असा शेरा मारून पान उलटणं ही शिस्त नव्हे, आळस आहे.

दुसरा पक्ष जर्मनवाद्यांचा. त्यांच्या मते हा शब्द मुळात जर्मानिकच, लॅटिनवाल्यांनी तो त्यांच्याकडून उचलला. त्यांचा मुद्दा असा की लॅटिनमधलं ते क्रियापद कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडत नाही, विद्वानांनी ते तर्काने उभं केलंय. असेल. पण वाफेची स्नानगृहं बांधून दिली कुणी? रोमनांनी. वस्तू ज्याची, शब्द त्याचा, हा बाजाराचा साधा न्याय आहे. नाहीतर आपण ‘टेबला’ला पाटाचं अपत्य ठरवलं असतं. आणि तिसरे आपलेच, ‘स्टोव्ह’चा उगम ‘स्तूप’ात शोधणारे. त्यांना नमस्कार.

तर मराठी शब्द. ‘शेकोटी’. दुसरा शोधू नका. शेकोटी ही वस्तूही आहे आणि बैठकही, शिवाय ती थंडीतच पेटते, म्हणजे ऋतूही आत आला. विदर्भ-खानदेशाकडचे असाल तर ‘आगटी’ म्हणा. मला तो शब्द जास्त आवडतो, संस्कृतातली ‘अग्निष्ठिका’ आणि हिंदीतली ‘अंगीठी’ त्याच्याच घरातल्या. पण पुण्या-मुंबईकडच्यांना तो समजावून सांगावा लागेल.

‘शेकोटी’ची दुसरी सोय अशी की तिच्यात ‘शेकणं’ आहे, आणि शेकणं म्हणजे नुसती ऊब घेणं नव्हे. केलेलं अंगाशी येतं तेव्हाही ‘शेकतं’. मेट्सच्या चाहत्याला याचं उदाहरण द्यायला नको. बॉबी बोनिया या खेळाडूचे 59 लाख डॉलर देणं होतं तेव्हा 2000 मध्ये क्लबने ते पुढे ढकलले, 8 टक्के व्याजाने. 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला क्लब त्याला 11,93,248 डॉलर मोजतो आहे. मेट्सचे चाहते तो दिवस बोनियाच्या नावाने साजरा करतात. शेकलं ते असं. आणि नुसते पुढे ढकललेले पैसे म्हणजे शेकणं नव्हे: लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी आपला खेळाडू शोहेई ओहतानीच्या 70 कोटी डॉलरच्या करारातले 68 कोटी बिनव्याजी 2034 पासून पुढच्या वर्षांवर टाकलेत. तिथे व्याजच नाही, त्यामुळे चटकाही क्लबला नाही.

सोतो आला त्या 2025 च्या मोसमात मेट्स 83 जिंकून 79 हरले. सिनसिनाटीचा हिशेबही तंतोतंत तोच, पण आपसातल्या सामन्यांच्या निकषावर सिनसिनाटी पुढे गेलं आणि मेट्स घरी बसले. मग हिवाळ्यात क्लबच्या इतिहासात सर्वाधिक होम रन मारणारा पीट अलोन्सो 5 वर्षांच्या करारावर बाल्टिमोरला, शेवटच्या डावाचा गोलंदाज एडविन डियाझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, निमो साट्यालोट्यात टेक्सासला. एवढी लाकडं पडल्यावर तुमची शेकोटी पेटली नसती तरच नवल. यातलं कुणाचं जाणं योग्य होतं ते मला विचारू नका. मात्र ‘अलोन्सोला हाकलला’ असं तुम्ही जे लिहिलंय तेही चूक आहे. तो मोकळा होता, तो गेला. क्लबने ‘राखला नाही’ एवढंच म्हणता येईल.

राहता राहिला ‘ऑफसीझन’. ‘विरामकाळ’, ‘विश्रांतीपर्व’ असले शब्द सुचवणाऱ्यांनी एखादा क्लब डिसेंबरात विश्रांती घेताना दाखवावा. शेतीत ‘बिगरहंगामी’ चालतो, भाजीबाजारातही चालतो, तो इथेही चालेल. फारसी ‘हंगाम’ आणि ‘हंगामा’ एकाच घरचे आहेत, त्यावर पुन्हा कधीतरी. घाईत असाल तर ‘ऑफसीझन’च म्हणा, मराठीचं त्याने काही बिघडत नाही. ‘विकत घेतलं’ने बिघडतं.