२००-५०० हातात धरताना

निकॉनची २००-५०० मिमीची झूम लेन्स घेतलीस, छान केलंस. पण कॉलरसकट, म्हणजे ट्रायपॉडला जोडायच्या लेन्सभोवतीच्या कडीसकट, ती २३०० ग्रॅमची आहे. साध्या लेन्ससारखी धरलीस तर अर्ध्या तासात मनगट भरून येईल. वजन डाव्या तळहातावर घे. झूम केल्यावर नळी पुढे येते नि तोलही पुढे सरकतो, तेव्हा हातही सरकव. कॉलरचा पाय वरच्या बाजूला फिरव, म्हणजे तळहाताला टोचत नाही. कोपरं बरगड्यांना टेकलेली हवीत. पट्टा कॅमेऱ्याला नको, कॉलरलाच अडकव.

भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपायला जाशील तेव्हा ट्रायपॉड नेऊ नकोस, नावेबरोबर तोही हलतो. खाली बस, गुडघा वर घे आणि दंडाचा मागचा मांसल भाग त्यावर टेकव. कोपराचं हाड गुडघ्याच्या हाडावर ठेवलंस तर घसरतं. पहिल्या वर्षी मी तासभर लेन्स डोळ्याला लावून बसलो. थवा उडाला तेव्हा हात थरथरत होते, सगळे फोटो हलले. फार वाईट वाटलं होतं. आता रोहित चरत असतात तोवर लेन्स मांडीवर. माना उंचावून सगळे एका दिशेला चालू लागले की उचलायची, शटरचा वेग १/१६०० सेकंदावर आधीच लावून.