पिकअप ट्रकची हॅंडब्रेक केबल तुटली आहे. जोडून चालेल की नवीनच टाकावी?

नवीनच टाका. तुटलेल्या तारेला क्लॅम्प मारून भरलेली गाडी उतारावर उभी करणं म्हणजे विषाची परीक्षा.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू स्टॅंडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅडजस्टरचा नट गंजलेला असतोच; आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. खरी कटकट ड्रममागच्या प्लेटपाशी. केबलच्या टोकाचे काटे दबल्याशिवाय ती निघत नाही. त्यांवर नेमका बसणारा रिंग पाना सरकवा, सगळे एकदम दबतात. पक्कडीने एकेक दाबत बसाल तर संध्याकाळ होईल.

नवी केबल सायलेन्सरपासून लांबून न्या. आधी ब्रेक शू सेट करा, मगच केबल ताणा. लिव्हर सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.

एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकला केबलऐवजी बहुधा स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा सोडली की स्प्रिंगच्या जोरावर लागणारा ब्रेक असतो. त्याचा चेंबर स्वतः उघडू नका, आतली स्प्रिंग जिवावर बेतू शकते.