आतड्यातले जिवाणू आणि गंभीर इन्फेक्शन यांचा खरंच संबंध आहे का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. न्यूमोनिया किंवा रक्तातल्या इन्फेक्शनशी आतड्यातल्या जिवाणूंचा काय संबंध? आणि आई हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांना प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या गोळ्या, सुरू कराव्यात का? संबंध आहे, चांगलाच आहे. प्रोबायोटिक मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

या विषयातला मला सगळ्यात बोलका वाटणारा पुरावा जुना आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत मार्जोरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी उंदरांवर प्रयोग केले. निरोगी उंदराला साल्मोनेला या रोगजंतूची लागण व्हायला सुमारे एक लाख जिवाणू पोटात जावे लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना दहापेक्षाही कमी पुरले. जंतू तोच होता. फक्त त्याला अडवणारे आतड्यातले रहिवासी औषधाने मारले गेले होते.

हे रहिवासी जागा आणि अन्न अडवतात हे खरंच, पण त्यांचं मोठं काम वेगळं आहे. आपल्याला न पचणारे तंतू आंबवून त्यांतले काही जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हेच इंधन जाळतात आणि ते जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याची पोकळी जवळजवळ ऑक्सिजनविरहित राहते. ब्युटिरेट घटलं की ऑक्सिजन आत झिरपतो आणि ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्यासारख्या जिवाणूंचं फावतं. एरवी हे आतड्यात मूठभर असतात. फोफावले आणि अस्तरही दुबळं झालं, की रक्तात उतरू शकतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या ९४ रुग्णांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. ज्यांच्या आतड्यात एन्टरोकॉकस या आणखी एका जिवाणूचं प्राबल्य झालं, त्यांच्यात व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या एन्टरोकॉकसचं रक्तातलं इन्फेक्शन होण्याचा धोका नऊपट निघाला.

धडधाकट माणसांचं काय? नेदरलँड्स आणि फिनलंडमधल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या शौचाचे नमुने तपासून त्यांच्यावर पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२४ साली आलेले निष्कर्ष असे: ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण दर १० टक्क्यांनी जास्त असेल, तर इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याचा धोका डच गटात २५ टक्के आणि फिनिश गटात १४ टक्के कमी. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण वर सांगितलेल्या यंत्रणेशी हा अभ्यास जुळतो, म्हणून मी त्याला महत्त्व देते.

मग गोळ्या का नकोत? कारण बाजारातल्या बहुतेक प्रोबायोटिकमध्ये लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम असतात, आणि ते स्वतः ब्युटिरेट बनवत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांवर लॅक्टोबॅसिलसची मोठी चाचणी झाली, २०२१ साली तिचे निकाल आले. न्यूमोनिया कमी झाला नाही. उलट ज्यांना ते दिलं, त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात वगैरे तोच लॅक्टोबॅसिलस सापडला. ओडिशातल्या नवजात बाळांच्या २०१७च्या चाचणीत मात्र एका विशिष्ट लॅक्टोबॅसिलसने, सोबत त्याचं खाद्य देऊन, सेप्सिस (इन्फेक्शनमुळे शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड) आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. म्हणजे कोणता जिवाणू, कोणाला आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे. आजारातून नुकत्याच उठलेल्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसावर अंदाजाने प्रयोग करू नये असं मला मनापासून वाटतं.

आईंसाठी करण्यासारखं आहे ते इतकंच. डॉक्टरांनी परवानगी दिली की कडधान्यं, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य हळूहळू वाढवा. लिहून दिलेलं अँटिबायोटिक मध्येच सोडू नका, आणि साध्या सर्दीसाठी नवं मागू नका. पुढच्या काही आठवड्यांत वारंवार पातळ जुलाब लागले, तर ते थांबवायची गोळी घरच्या घरी देऊ नका. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो, त्यामुळे लगेच डॉक्टरांना कळवा आणि आधी कोणती अँटिबायोटिक झाली ते आवर्जून सांगा.