मागच्या अंगणात पोहायचं की शेकायचं?

प्रश्न : तळेगाव दाभाड्यात आमचा बंगला आहे. मागे ३० बाय १८ फूट मोकळी जागा आणि कोपऱ्यात जुना पायरी आंबा. आमचे हे कॉलेजात पट्टीचे पोहणारे. त्यांना तिथे २० बाय १० चा स्विमिंग पूल हवाय. माझे गुडघे दुखतात, मला गरम पाण्याचा स्पा हवाय. नातवंडं (४ आणि ७ वर्षं) फक्त मे महिन्यात येतात. बोअरला एप्रिलपासून पाणी कमी. काय करावं?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : ताई, आधी शब्दाचं बघू. नुसतं ‘स्पा’ म्हटलंत तर कंत्राटदार मसाजच्या खोलीचं कोटेशन पाठवेल. तुम्हाला हवी ती जकुझी, म्हणजे गरम पाण्याचे झोत अंगावर सोडणारा टब. हे खरं तर आडनाव आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या इटालियन जकुझी भावांपैकी एकाने संधिवात असलेल्या आपल्या मुलासाठी टबात सोडायचा पंप काढला, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे दुखणारे सांधे हेच तिचं मूळ गिऱ्हाईक.

आता अहोंचा पूल. वीस फूट म्हणजे सहा मीटर. पट्टीच्या पोहणाऱ्याने चार हात मारले की समोर भिंत! सरासरी चार फूट खोली धरली तर त्यात साधारण २२,६०० लिटर पाणी बसतं, दहा हजारवाले दोन टँकर आणि वर थोडं. शिवाय ते उडतं. पाण्याची पातळी एक मिलिमीटर उतरली की साडेअठरा लिटर गेले, आणि उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर सहज उतरतात. म्हणजे रोज शंभर लिटर, नेमके बोअर धापा टाकत असताना.

बांधकामाचा आकडा मी सांगत नाही. खड्डा न खणता आकडा सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खाली मुरूम लागला तर ठीक. काळी माती लागली तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि टाकीलाही भेगा पाडते. पावसाळ्याचं तर मी स्वतः भोगलंय. मुळशीकडे एका बंगल्यात पुलासाठी फायबरची टाकी बसवली होती. जुलैत पाणी हिरवं झालं म्हणून मी शहाण्याने ती पूर्ण उपसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टाकी एका बाजूने वीतभर वर आलेली, कडेच्या फरशा उचकटलेल्या. जमिनीतल्या पाण्याने रिकामी टाकी होडीसारखी उचलली होती. भुर्दंड माझ्याच खिशाला. तेव्हापासून पावसाळ्यात पूल रिकामा करायचं नाव मी काढत नाही.

जकुझीचं गणित तुमच्या घराला झेपेल. चार-पाच जणांच्या टबात १,३०० लिटर पाणी. जानेवारीत २२ अंशांचं पाणी ३८ वर न्यायला साधारण २४ युनिट, तीन किलोवॅटच्या हीटरला आठ तास. एकदा तापलं की जाड झाकण लावून ठेवायचं, कारण उष्णता जाते ती मुख्यतः वाफेवाटे. तोच पूल नुसता आठ अंशांनी तापवायचा तर दोनशे युनिट पुरत नाहीत. मीटरचा मंजूर लोड मात्र आधी तपासा आणि अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर नको. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर पांढरा थर चढतो, म्हणून पाणी तपासून घ्या. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. तीनेक महिन्यांनी पाणी बदलावं लागेल. क्लोरीन टाकणं बंद करून दोन-तीन दिवस उघडं ठेवलं, की तेच पाणी आंब्याला.

गुडघ्यांना पंधरा मिनिटं बास, आणि ४० च्या वर काटा कधीच न्यायचा नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. मे महिन्यात हीटर बंद ठेवा, म्हणजे नातवंडांना थंडगार हौद मिळेल. कोणीतरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, आणि खेळ संपला की झाकणाला कुलूप. अडीच-तीन फूट पाणीही चार वर्षांच्या पोराला पुरेसं खोल असतं.

माझं मत जकुझीला, तीही आंब्यापासून लांब, घराच्या भिंतीलगत, वर पत्रा घालून. अहोंना पोहायचंच असेल तर सकाळी पंचवीस मीटरच्या सार्वजनिक तलावाचा पास काढावा, हातपाय तरी मोकळे होतील. तरीही ऐकत नसतील तर मोहोर गळू लागला की आंब्याखाली पाण्याने भरलेलं घमेलं आठ दिवस ठेवा. रोज सकाळी चहाच्या गाळणीने ते त्यांनाच गाळायला लावा, आणि मग सांगा की पूल अशा हजारेक घमेल्यांचा असतो.