जाहिरात पाठ का सोडत नाही?

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. मृगबागेसाठी टिश्यू कल्चर रोपांचे भाव मोबाइलवर पाहिले, तेव्हापासून बातम्या वाचतानाही रोपांच्याच जाहिराती दिसतात. आईच्या गाठीविषयी माहिती शोधली, तर आता कर्करोग रुग्णालयांच्या जाहिराती येतात आणि हाच मोबाइल आईही वापरते. फोन आमचे बोलणे ऐकतो का? हे थांबवावे कसे?
— एक वाचक, रावेर

उत्तर : अशी जाहिरात दाखवण्यासाठी बोलणे ऐकण्याची गरजच पडत नाही, कारण आपण काय पाहिले याची नोंद ब्राउझरमधूनच, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी अशा संकेतस्थळे उघडणाऱ्या ॲपमधूनच, पुरवली जाते. भावांच्या त्या पानात जाहिरात कंपनीचा कोडही बसवलेला असतो आणि पान उघडताच तो ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखक्रमांकाची बारीकशी नोंद, ठेवून देतो. त्याच कंपनीचा कोड असलेले बातम्यांचे संकेतस्थळ उघडले की तो क्रमांक तिच्याकडे परत जातो आणि रोपे शोधणारा वाचक आला, हे तिला कळते. मग पानावरील रिकाम्या चौकटीसाठी जाहिरातदारांत लिलाव होतो. बाजार समितीत माल पाहून बोली लागते, इथे वाचकाची माहिती पाहून लागते, आणि पान पुरते दिसण्याआधीच लिलाव उरकतो. ज्यांची बोली हरते त्या कंपन्यांनाही ती माहिती पाहायला मिळालेली असते, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

रोपांच्या जाहिरातीने फारसे बिघडत नाही. आईच्या आजाराचे तसे नाही. आजारपणावरून व्यक्तिगत जाहिरात लक्ष्य करण्यास गूगलच्या नियमांत मनाई आहे, पण हा बाजार एकट्या गूगलचा नाही. म्हणून अशा शोधासाठी वेगळा ब्राउझर ठेवावा आणि त्यात कोणत्याही खात्याने लॉग-इन करू नये.

सगळ्याच कुकी मात्र बंद करू नयेत. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी तयार केली ती संकेतस्थळाला ग्राहकाची आठवण राहावी म्हणून, आणि बँकेचे लॉग-इन आजही तिच्यावरच टिकते. बंद करायच्या त्या ‘थर्ड-पार्टी’ कुकी, म्हणजे आपण उघडलेल्या संकेतस्थळाच्या नव्हे, तर जाहिरात कंपनीसारख्या तिसऱ्याच्या. फायरफॉक्सने 2019 मध्ये माग काढणाऱ्या अशा कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली, तर सफारीने 2020 मध्ये थर्ड-पार्टी कुकी पूर्णपणे बंद केल्या. क्रोमनेही 2020 मध्ये तशी घोषणा केली होती, परंतु 2024 मध्ये तो बेत सोडला. त्यामुळे क्रोम वापरत असाल तर सेटिंग्जमधील ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जाऊन त्या स्वतः बंद कराव्या लागतात. जुन्या कुकीही पुसाव्यात, मात्र त्याने सर्व संकेतस्थळांवरून लॉग-आउट होते, तेव्हा पासवर्ड आधी लिहून ठेवावेत.

ॲपमधील जाहिरातींचा माग कुकीवर नव्हे, तर फोनच्या जाहिरात-क्रमांकावर चालतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ आणि तेथे ‘ॲड्स’ उघडल्यास ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ हा पर्याय मिळतो. तो आजच वापरावा. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे विस्तारक, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, बसवता येते आणि ते माग काढणारा कोड पानात उतरूच देत नाही. मोबाइलवरील क्रोममध्ये ही सोय नाही. एवढे करूनही पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा अशा खुणा जुळवून ब्राउझर ओळखण्याची पद्धत उरतेच. या उपायांनी माग पुष्कळ कमी होतो, पूर्ण पुसला जात नाही.

प्रश्न : इन्कॉग्निटो खिडकीत पाहिलेले कोणालाच कळत नाही, हे खरे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. ती खिडकी बंद केल्यावर इतिहास आणि कुकी आपल्या यंत्रावर राहत नाहीत, एवढेच. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपली भेट दिसतच असते. याच कारणावरून अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि 2024 च्या तडजोडीत अशा खिडक्यांतून जमवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. सायबर कॅफेतील संगणकावर परीक्षेचा अर्ज भरताना मात्र ही खिडकी जरूर वापरावी आणि उठण्यापूर्वी बंद करावी.