सिलिकॉनची जीवसृष्टी कितपत शक्य? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (कराड) : आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या लगेच खाली आहे आणि भूकवचात तो मुबलक आहे. तरीही जीवसृष्टी कार्बनचीच का?

उत्तर : सह्याद्रीचा काळा पाषाणच या प्रश्नाचे उत्तर देतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेल्या या बेसाल्टच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. भूकवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन असून कार्बन एक टक्काही नाही. तेव्हा केवळ विपुलतेवर ठरायचे असते, तर आपण सारे सिलिकॉनचेच झालो असतो.

दोन्ही मूलद्रव्ये चार बंध जोडतात हे खरे. मात्र कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला सुमारे २२२ पुरतात. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५० च्या घरात जातो. त्यामुळे पाणी किंवा ऑक्सिजन जवळ असला, की सिलिकॉनची साखळी तुटते आणि तो ऑक्सिजनशी बांधला जातो. सिलेन हा सिलिकॉन-हायड्रोजनचा वायू तर हवेत आपोआप पेट घेतो. मला सर्वांत निर्णायक वाटते ती पुढची गोष्ट : कार्बन जळून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वायू असल्याने प्राणी तो उच्छ्वासातून सोडतात आणि वनस्पती तो पुन्हा वापरतात, पण सिलिका हा १,७०० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा घन पदार्थ आहे, आणि तो असा फिरता राहू शकत नाही.

प्रश्न (इस्लामपूर) : उसाचा पाला अंगाला कापतो तो त्यातील सिलिकेमुळे, असे वाचले. मग ऊस अंशतः सिलिकॉनचा जीव नाही का?

उत्तर : नाही. ऊस मुळांवाटे विरघळलेले सिलिसिक आम्ल शोषतो आणि पानांत सिलिकेच्या रूपाने साठवतो. डायटम ही सूक्ष्म शैवाले तिचे कवचच बांधतात. पण या सर्वांची प्रथिने आणि जनुके कार्बनचीच असतात. याहून पुढची पायरी २०१६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने गाठली. उष्ण झऱ्यांतील एका जिवाणूच्या प्रथिनात बदल घडवून त्यांनी त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला. जीवरसायनाला सिलिकॉन हाताळता येतो एवढे त्यातून सिद्ध होते, आणि हे थोडे नव्हे.

प्रश्न (सातारा) : अतिउष्ण किंवा अतिथंड ग्रहांवर तरी शक्यता आहे का?

उत्तर : सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटून-पालटून जोडलेल्या साखळ्या, म्हणजे सिलिकोन, सुमारे २०० अंशांपर्यंत टिकतात, तर पृथ्वीवरील सूक्ष्मजीवांच्या वाढीची ज्ञात मर्यादा १२२ अंश आहे, म्हणून उष्ण ग्रहांची कल्पना आकर्षक वाटते. पण शुक्राच्या पृष्ठभागावरील सुमारे ४६५ अंशांत अशा साखळ्याही तग धरणार नाहीत. पेटकोव्स्की, बेन्स आणि सीगर या संशोधकांनी २०२० साली घेतलेल्या आढाव्यात पाण्यापेक्षा तीव्र सल्फ्युरिक आम्लात सिलिकॉनचे रसायन अधिक विविध होऊ शकेल असे मांडले, आणि शुक्राचे ढग त्याच आम्लाचे आहेत. मात्र खडकांत अडकलेला सिलिकॉन त्या उंचीवर पुरेशा प्रमाणात पोहोचेल, असे मला वाटत नाही.

शनीच्या टायटन या चंद्रावर उणे १७९ अंश तापमान आणि द्रव मिथेनची सरोवरे आहेत. तिथे नाजूक सिलेन टिकतील; पण इतक्या थंडीत अभिक्रिया अत्यंत मंदावतात, आणि तिथला बहुतेक सिलिकॉन बर्फाच्या जाड थराखालील खडकात आहे.

प्रश्न (मिरज) : असे जीव असलेच, तर आपली उपकरणे ते ओळखतील का?

उत्तर : वस्तुमान-वर्णपटमापक रेणूंचे वस्तुमान मोजतो, मग ते कोणत्याही मूलद्रव्याचे असोत. सिलिकॉनची २८, २९ आणि ३० ही तीन स्थिर समस्थानिके ठरावीक प्रमाणात आढळत असल्याने त्याचे रेणू वेगळे ओळखता येतात. अवघड भाग त्यापुढचा आहे. झिओलाइटसारखी गुंतागुंतीची सिलिकेटे आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कोणत्याही जीवाविना तयार होतात. म्हणून केवळ गुंतागुंत हा पुरावा मी मानणार नाही. शक्य असलेल्या असंख्य रेणूंपैकी मोजकेच, आणि तेही खडकांच्या रसायनाने समजावता येणार नाही इतक्या प्रमाणात आढळले, तरच दावा विचारात घ्यावा.