फळे, पाक आणि दोन चमचे ब्रँडी : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

आषाढात कोल्हापूरच्या फळबाजारात हिमाचलातले पीच आणि प्लम दिसू लागतात, त्यांच्या पाठोपाठ नासपती येते आणि ही फळे पाकात घालून वर्षभर ठेवण्याविषयीची पत्रेही येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी विचारले आहे ते पाकात ब्रँडी किंवा रम घालण्याविषयी. त्यांतले काही प्रश्न निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : बहिणीकडे ब्रँडीतल्या पीचची बरणी पाहिली. मला तसेच घरी करायचे आहे. पाकात निम्मी ब्रँडी घातली तर मद्यामुळे फळ आपोआप टिकेल, मग बरण्या उकळण्याची गरज काय? (राजारामपुरी)

उत्तर : गरज आहे. हा गैरसमज फार पसरलेला असल्यामुळे थोडा हिशेबच मांडते. अर्ध्या लिटरच्या बरणीत साधारण ३०० ग्रॅम फळ बसते आणि उरलेल्या जागेत २०० मिली द्रव मावतो. तुम्ही म्हणता तसे १०० मिली पाक आणि १०० मिली ब्रँडी घातली, तर आपल्याकडच्या ब्रँडीत ४२.८ टक्के मद्यार्क असल्यामुळे बरणीत सुमारे ४३ मिली मद्यार्क गेला. पीचच्या वजनात मात्र जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते आणि बरणी मुरत जाते तसे ते पाणी पाकात उतरते. सगळे एकजीव झाल्यावर मद्यार्काचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास येते. वाइनमध्ये ते बारा-चौदा टक्के असते, तरीही बाटली उघडी राहिली की वाइनचे व्हिनेगर होते. न उकळता नुसत्या मद्यावर फळ टिकवायचे असेल तर मुरल्यानंतरही ते प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात राहावे लागते, आणि त्या २०० मिलीमध्ये पाकाचा थेंबही न घालता निव्वळ ब्रँडी ओतली तरी आपण अठराच्या पुढे फारसे जात नाही. जर्मनीत रुमटोफ नावाचा प्रकार करतात. त्यात न उकळता फळे मुरवली जातात, पण तिथली रम पन्नास टक्क्यांहून कडक असते आणि फळांच्या निम्म्या वजनाची साखर वर पडते.

तेव्हा पाकातली ब्रँडी स्वादासाठी असते. फळ टिकवतात ते दोघे : फळाचा आंबटपणा आणि बरणीला दिलेली उकळी. ज्या फळाचा सामू ४.६ पेक्षा कमी असतो, म्हणजे जे पुरेसे आंबट असते, त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या घातक जिवाणूचे बीजाणू रुजू शकत नाहीत. हे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत, आणि हवाबंद बरणी त्यांना मानवणारी जागा असते. म्हणून आंबटपणाचा पहारा हवाच. यीस्ट, बुरशी आणि इतर जंतू मात्र उकळीत मरतात. या दोन गोष्टी नीट सांभाळल्यावर अर्ध्या लिटरच्या बरणीला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली ब्रँडी मी पुरेशी मानते. तेवढ्याने मुरल्यावर पावणेतीन टक्के मद्यार्क राहतो आणि पीचचा स्वतःचा वास दबत नाही. निम्मी ब्रँडी घातल्यास आणखी एक अडचण येते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. उकळत्या पाण्यातल्या बरणीत त्याची वाफ जोर करते, पाक झाकणाखालून बाहेर येतो आणि झाकण नीट बसत नाही.

प्रश्न : कृती आणि वेळ नेमकी सांगाल का? माझे माहेर पन्हाळ्यावर आहे, सासर कोल्हापुरात. दोन्हीकडे करून पाहायचे आहे. (शिवाजी पेठ)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. समुद्रसपाटीपासून जसे वर जावे तसे पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळते. पन्हाळा पावणेदहाशे मीटरवर आहे, तिथे ते ९७ च्याही किंचित खाली. परदेशी पुस्तकांतल्या वेळा बहुधा समुद्रकाठासाठी दिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा उचलल्या तर आपल्याकडे उकळी अपुरी पडते. शिवाय त्या पुस्तकांतली लहान बरणी ४७३ मिलीची असते आणि आपली ५०० मिलीची. म्हणून मी मोठ्या, लिटरभराच्या बरणीची वेळ धरते : गरम पाकात घातलेल्या पीच किंवा प्लमला कोल्हापुरात ३० मिनिटे आणि पन्हाळ्यावर ३५ मिनिटे.

पीच घट्ट, पण पिकलेले घ्यावेत. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकले की साल बोटाने सरकते. पीच खरोखर पिकलेला असेल तर साल तुकड्यांनी न निघता एखाद्या ओल्या झिरझिरीत कापडासारखी अखंड उतरते आणि आतल्या पिवळ्या गरावर बाठीच्या बाजूची तांबूस छटा दिसते. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून चार लिटर पाण्यात क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या सहा साध्या गोळ्या कुटून विरघळवाव्यात आणि फोडी त्यात ठेवाव्यात. चघळायच्या रंगीत गोळ्या घेऊ नयेत. पाकासाठी ७०० मिली पाण्याला ३०० ग्रॅम साखर घ्यावी, उकळी आणावी, फोडी त्यात घालून पुन्हा उकळी येऊ द्यावी.

आता गॅस बंद करावा. ब्रँडीची बाटली उघडण्याआधी बंद करावा, हे मी मुद्दाम सांगते. पूर्वी एकदा मी पेटत्या गॅसवर रटरटणाऱ्या पाकात बाटलीतूनच रम ओतली. वाफ पातेल्याच्या कडेवरून खाली उतरली आणि निळसर ज्वाळा हाताच्या मनगटापर्यंत आली. तो डाग अजून आहे. त्या दिवसापासून मी बरणी भरताना ब्रँडी चमच्याने मोजून तळाशी घालते, त्यावर फोडी आणि मग गरम पाक, आणि त्या वेळी ओट्यावरचा एकही गॅस पेटता ठेवत नाही.

बरणी गरम असावी. गार काचेत उकळता पाक ओतला की ती तडकते. वर सव्वा सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी, बांबूच्या काडीने कडेकडेने हवेचे बुडबुडे काढावेत, कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि नवे झाकण बोटांच्या जोराने बसवावे. कॉफीच्या किंवा जामच्या जुन्या बाटलीचे तेच झाकण पुन्हा वापरण्याची सवय आपल्याकडे आहे; त्याच्या आतला रबरासारखा थर एकदा दबला की पुन्हा हवा रोखेलच असे नसते. खोल पातेल्यात तळाशी जाळी ठेवून बरण्या उभ्या कराव्यात, पाणी झाकणांच्या वर अडीच सेंटीमीटर असावे, आणि वेळ मोजायची ती पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच. वेळ झाली की गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे, मग बरण्या काढून पंच्यावर ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नयेत. झाकणाचा मध्य आत ओढलेला असला आणि बोटाने दाबून टक्‌ वाजला नाही तर बरणी बंद झाली असे समजावे. ज्या बरणीचे झाकण बसले नाही ती फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी.

घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या मोजून हे काम होईल का, असेही काहींनी विचारले आहे. करू नये. लहान कुकर फार लवकर तापतो आणि निवतो, बरणीतला पाक बाहेर येतो, आणि फळाचा लगदा होतो.

प्रश्न : पीच महाग पडतात. हापूसच्या फोडी रममध्ये अशाच घालता येतील का? आणि आपल्याकडची आणखी कोणती फळे चालतील? (इचलकरंजी)

उत्तर : पिकलेल्या हापूसला मी नाही म्हणते, आणि हे सांगताना मलाही वाईट वाटते. आंबा जसा पिकतो तसा त्याचा आंबटपणा झपाट्याने उतरतो. एकाच पेटीतल्या दोन आंब्यांचाही सामू सारखा नसतो आणि काही फळे ४.६ च्या पलीकडे जातात. गोडीला भुलून बरणी बंद करावी आणि आत काय चालले आहे ते कळू नये, अशी ती अवस्था असते. हापूसच्या फोडी साध्या पाकात घालून गोठवाव्यात आणि वाढताना त्यावर चमचाभर रम सोडावी. स्वाद उलट अधिक ताजा लागतो. बरणीतच हवा असेल तर कैरीचा, फार तर नुकती पिवळी झाक आलेल्या आंब्याचा विचार करावा.

पपई, केळे, चिक्कू, सीताफळ आणि शहाळ्याची मलई या पद्धतीने मुळीच घालू नये. अंजिराचा सामूही काठावरचा असतो. अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस घातल्याशिवाय आणि कोल्हापुरात ५५ मिनिटे उकळल्याशिवाय त्याची बरणी ठेवू नये. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो म्हणून बाटलीबंद रस म्हटले आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सुरक्षित असते, पण उकळीत तिचा रंग उडतो आणि चव फिकी होते. तिचा जामच करावा.

अननस मात्र या कामाला फार चांगला. गरम पाकात घालून २५ मिनिटे उकळावा. रमशी त्याचे पीचपेक्षाही जास्त जुळते, असे माझे मत आहे. तासगावकडची बिनबियांची द्राक्षे माघ-फाल्गुनात स्वस्त झाली की तीही घालावीत.

प्रश्न : आम्ही गुळाच्या गावचे. साखरेऐवजी गुळाचा पाक केला तर? रम मळीपासूनच होते, तेव्हा चवही जुळावी. (कागल)

उत्तर : चव जुळते, अगदी छान जुळते. पण बंद बरणीसाठी गूळ वापरू नये. गुऱ्हाळात रस निवळण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, आम्लता मारण्यासाठी चुना घालतात; चुना आणि उसातले क्षार गुळात उतरतात आणि फळाचा आंबटपणा काही अंशी खाऊन टाकतात. नेमका किती, ते ढेपेगणिक वेगळे. साखरेचा तो प्रश्न नसतो. गुळाचा पाक गाळून, त्यात अननस शिजवून, निवल्यावर रम घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. कोल्हापुरी गुळाचा खमंगपणा त्यात पुरेपूर उतरतो.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वीच्या बरणीचे झाकण फुगले आहे. उघडल्यावर फसफसून फेस आला, वास वाइनसारखा आहे. सासूबाई म्हणतात की दारू मुरून कडक झाली, चांगलेच आहे. खरे का? (गडहिंग्लज)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि ती बरणी टाकून द्या. ब्रँडी बाटलीत किंवा बरणीत मुरून कडक होत नाही. फेस आला तो यीस्टमुळे : उकळी अपुरी पडली किंवा झाकणातून हवा गेली, यीस्टने साखर खाल्ली आणि वायू सोडला. जिथे यीस्टला वाव मिळाला तिथे आणखी कोणाला मिळाला हे चाखून कळत नाही, म्हणून थोडेसे चाखूनही पाहू नये. फुगलेले झाकण, आपोआप वर चढणारे बुडबुडे, उघडताना उडालेला पाक किंवा कापसासारखी बुरशी, यांपैकी एक खूण दिसली तरी पुरे. गुरांनाही घालू नये.

प्रश्न : नासपतीच्या फोडी गुलाबी झाल्या आणि वर तरंगत आहेत. बिघडल्या का? (जयसिंगपूर)

उत्तर : झाकण आत ओढलेले असेल तर बिघडल्या नाहीत. नासपतीतली काही रंगहीन द्रव्ये जास्त उष्णतेत गुलाबी होतात. बरण्या उकळल्यानंतर एकमेकींना चिकटून ठेवल्या आणि हळूहळू निवल्या की असे होते. तरंगतात ते आतल्या हवेमुळे. पुढच्या वेळी फोडी पाकात पाच मिनिटे शिजवून भराव्यात आणि पाक थोडा पातळ करावा.

प्रश्न : गोव्याहून आणलेली फेणी किंवा गावाकडची हातभट्टी वापरली तर स्वस्तात होईल का? (आजरा)

उत्तर : फेणी अननसाला उत्तम लागते, पण परवान्याशिवाय गोव्याचे मद्य महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. हातभट्टीचे नावही काढू नका. तिच्यात मिथेनॉल असू शकते, थोड्या प्रमाणातही ते दृष्टी घालवते, आणि पाकात उकळून ते निघून जाईल यावर मुळीच विसंबता येत नाही. रंगाच्या दुकानातले स्पिरिट आणि हात पुसायचे सॅनिटायझर, यांनाही हेच लागू आहे. सीलबंद बाटली, तीही परवान्यावर घेतलेली. दोन चमच्यांसाठी खर्च तसाही फार नाही.

प्रश्न : उकळल्यावर मद्य उडून जाते ना? मग मुलांना द्यायला हरकत नसावी. दिवाळीत विकायचाही विचार आहे. (ताराबाई पार्क)

उत्तर : उडून जात नाही. उघड्या पातेल्यातसुद्धा, उकळत्या पदार्थात मद्य घालून लगेच उतरवले तर सुमारे ८५ टक्के उरते, पाव तास शिजवले तर ४० टक्के, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. बंद बरणीत तर जवळजवळ सगळेच राहते. मुलांना, गरोदर स्त्रियांना, मेट्रोनिडॅझोलसारखे औषध चालू असलेल्यांना आणि ज्यांनी प्रयत्नपूर्वक दारू सोडली आहे त्यांना हे देऊ नये. शेवटच्या मंडळींचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. एका चमचाभर पाकाने कोणाची वर्षांची मेहनत पणाला लागू शकते. विक्रीसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि मद्य आले की उत्पादन शुल्क विभागाचाही संबंध येतो, तेव्हा तिथे विचारल्यावाचून एकही बरणी विकू नये. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी करणार असाल तर सहा बरण्या ब्रँडीच्या आणि सहा बिनब्रँडीच्या कराव्यात, ब्रँडीच्या झाकणांना लाल दोरा बांधावा आणि चिठ्ठीवर फळ, तारीख आणि ‘मद्य आहे’ हे दोन शब्द ठळक अक्षरांत लिहावेत. बिनब्रँडीच्या बरणीत दालचिनीचा एक बोटभर तुकडा टाकला तर मुलेही तिच्यावरच तुटून पडतात.